शेवटच्या दिवसाची तरतूद
(खातेदारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर लिहिला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक ताई हळूच म्हणाल्या, "साहेब, दुसरा काही विषय नव्हता का?" त्यांचं चूक नाही. आपल्याकडे मरणाचं नाव काढलं की घरातलं मोठं माणूस लगेच म्हणतं, शुभ बोल रे नाऱ्या. पण लग्नासाठी आपण दहा वर्षं आधीपासून पैसे बाजूला टाकतो. ते लग्न होईल की नाही, कधी होईल, काही ठाऊक नसतं. आणि जे नक्की होणार आहे, त्यासाठी मात्र एक रुपयाही वेगळा नसतो. मी बँकेत चौतीस वर्षं नोकरी केली. त्यातल्या एका प्रसंगामुळे हा विषय मी मुद्दाम मागून घेतला आहे.

तीसेक वर्षांपूर्वी मी भिलाईच्या एका शाखेत काउंटरवर होतो. एक दिवस एक बाई आल्या. कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणारा नवरा चार दिवसांपूर्वी अचानक गेला होता. हातात त्याचं पासबुक. खात्यात अडतीस हजार रुपये. बाई म्हणाल्या, "भाऊ, तेरावं करायचं आहे, गावाकडची माणसं येणार आहेत, वीस हजार तरी द्या." मी खातं काढून पाहिलं. खातं एकट्या नवऱ्याच्या नावावर. नॉमिनीचा रकाना कोरा. आणि खातं उघडतानाच्या त्या फॉर्मवर खाली सही होती माझी. गर्दीच्या दिवशी तो फॉर्म मीच भरून घेतला होता. रकाना कोरा दिसला तरी मी विचारलं नव्हतं.

पैसे देता आले नाहीत. दोन मुली लग्न होऊन एक सुरतेला, एक नांदेडला. त्यांच्या सह्या, ना-हरकत पत्रं, जामीनदार, मृत्यूचा दाखला, असं करत करत पाच महिने गेले. बाईंनी तोवर वीस हजार सावकाराकडून उचलले होते, शेकडा तीन रुपये महिन्यानं. महिन्याला सहाशे, पाच महिन्यांचं तीन हजार व्याज. स्वतःचे अडतीस हजार बँकेत असताना! शेवटी पैसे घ्यायला आल्या, तेव्हा त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट सांगत आलो आहे. घरात माणूस गेलं की पहिल्या तीन दिवसांत रोख पैसा लागतो, आणि नेमका त्याच तीन दिवसांत गेलेल्या माणसाचा पैसा हाताला लागत नाही. शववाहिनी, बांबू, कापड, मडकं, लाकडं किंवा विद्युतदाहिनीची पावती, गुरुजी, फुलं, बाहेरगावच्या माणसांचा चहा-नाश्ता. लाकडावर दहन करायचं तर तीनशे-चारशे किलो लाकूड जातं. यातलं काहीच उधार मागायला बरं वाटत नाही, आणि घासाघीसही करवत नाही. त्या दिवशी दुकानदार सांगेल तो भाव.

खर्च इथेच थांबत नाही. दहावं, तेरावं, जेवणं. कुणी कितीही साधं करायचं म्हटलं, तरी "लोक काय म्हणतील" हे वाक्य घरात येतंच. राजस्थानात तर मृत्युभोजाच्या पंक्तींनी इतकी घरं कर्जात बुडाली की १९६० साली त्यावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. कायदा असून पंक्ती पूर्ण थांबल्या असं नाही. कारण मागे राहिलेल्या माणसाला दोन पंगती कमी करायचं धाडस होत नाही. ते धाडस फक्त एकाच माणसाला करता येतं: ज्याचं तेरावं आहे त्याला. आणि त्यानं ते आधी करून ठेवायला हवं.

आता माझ्या घरचं सांगतो. माझे वडील १९९८ साली गेले. मी बँकेतला माणूस, लोकांना बचत शिकवणारा. पण वडिलांना काय हवं होतं, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. अस्थी कुठे न्यायच्या यावरून घरात वाद झाला. मोठे काका म्हणाले प्रयाग, भाऊ म्हणाला नाशिक. शेवटी काकांचा मान ठेवून आम्ही सात जण प्रयागला गेलो. तेराव्याला अडीचशे पानं उठली. मी कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेतून बावीस हजारांचं कर्ज काढलं आणि पुढची दोन वर्षं पगारातून फेडलं. आई त्या सगळ्या दिवसांत भिंतीला टेकून गप्प बसून होती. सहा वर्षांनी एकदा भाजी निवडता निवडता सहज म्हणाली, "ते नेहमी म्हणायचे, मला वर्धा नदीत सोडा, लहानपणी तिथेच पोहलो." मी म्हटलं, "आई, तेव्हा का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "मला कुणी विचारलं?"

अडीचशे पानं आम्ही वाढली, आणि ज्या एका माणसाला ठाऊक होतं तिला विचारायचं राहून गेलं. कर्ज फिटलं. हे फिटत नाही.

आईनं स्वतःच्या बाबतीत मात्र कुणाच्या विचारण्याची वाट पाहिली नाही. ती घरी शिलाईमशीनवर ब्लाउज शिवायची. पुढे मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनातून तिनं दर महिन्याला पाचशे रुपयांची आरडी सुरू केली, पाच वर्षांची. म्हणजे तीस हजार मुद्दल, व्याज वर. मुदत संपल्यावर तेवढ्याची एफडी केली, स्वतःच्या आणि माझ्या नावावर. मला वाटलं नातीच्या लग्नाचे असतील. तिनं मापं लिहायची वही आणून दाखवली. शेवटच्या दोन पानांवर सगळं लिहिलेलं. अक्षर तिसरीच्या मुलीसारखं, पण गोंधळ कुठेच नाही.

काय होतं त्यात? नवं लुगडं आणायचं नाही, कपाटातलं निळं सुती नेसवायचं. शालू नातीला. डोळे द्यायचे. अग्नी मुलानं दिला तरी चालेल, नातीनं दिला तरी चालेल, पण नातीला "तू मुलगी आहेस, घरी थांब" असं कुणी म्हणायचं नाही. भजनी मंडळाच्या बायकांना निरोप द्यायचा, त्या येतील आणि भजन म्हणतील. रडायची पाळी त्यांच्यानंतर. अस्थी वर्धा नदीत, "ह्यांच्यासाठी राहिलं ते माझ्यासाठी करा." तेराव्याला चाळीस माणसं, वरण-भात-भाजी आणि एक गोड. मशीन शेजारच्या सूनबाईला, आधी दुरुस्त करून. आणि खाली अधोरेखित: "पंचवीस हजाराच्या वर गेलात तर मला आवडणार नाही."

ती गेली तेव्हा खर्च झाला तो मी त्याच वहीत खाली लिहिला. शववाहिनी पंधराशे. सामान बावीसशे. नगरपालिकेच्या दाहिनीची पावती तीनशे. गुरुजी पाच हजार. चाळीस पानं, सहा हजार. मशीनची दुरुस्ती अडीच हजार. नदीवर जाण्यायेण्याची गाडी चार हजार. बेरीज एकवीस हजार पाचशे. काकांच्या घरून कुणीतरी म्हणालंच, "एवढंसंच?" मी वही पुढे केली. त्यांनी वाचली, आणि पुढे काही बोलले नाहीत. मंडळी, त्या दोन पानांची कायद्यानं काही किंमत नव्हती. साक्षीदार नाही, स्टॅम्प नाही. पण घरात तिच्यापुढे कुणाचं चाललं नाही.

आता इथे एक गैरसमज काढतो. बरेच जण म्हणतात, आम्ही मृत्युपत्रात लिहून ठेवलंय. मृत्युपत्र जरूर करा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी केली तर उत्तम, पण सक्तीची नाही. मात्र मृत्युपत्र बहुतेक घरांत तेराव्यानंतर उघडतात. "मला विद्युतदाहिनीत न्या" ही इच्छा पंधराव्या दिवशी वाचून काय उपयोग? ती इच्छा वेगळ्या कागदावर, सापडेल अशा जागी, आणि किमान दोघांना तोंडी सांगितलेली हवी.

तसंच डोळे आणि देह देण्याचं. डोळे मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. तोवर पंखा बंद ठेवायचा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस, डोकं उशीवर थोडं उंच. नेत्रपेढीचा नंबर भिंतीवर चिकटवलेला असावा. त्या वेळी शोधत बसायला कुणाचं डोकं चालत नाही. देहदानाचा अर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. पण आपण अर्ज भरला तरी देह सोपवायचा असतो घरच्यांनी. त्यांना पटलं नसेल तर अर्ज कपाटातच राहतो. शवविच्छेदन करावं लागलं किंवा काही ठरावीक आजार असले तर महाविद्यालय देह घेत नाही. म्हणून "देह घेतला नाही तर काय करायचं" हेही लिहून ठेवा.

ज्यांच्यात दफन करतात त्यांनी जागेची चौकशी आधी करावी. शहरांत जागा कमी पडते आणि बऱ्याच दफनभूमींत काही वर्षांनी तीच कबर पुन्हा वापरतात. आपल्या चर्चचे, जमातीचे, समाजाचे नियम काय, पावती कुणाच्या नावावर हवी, हे बसून विचारण्यासारखं आहे.

आणखी एक, आणि हे पुरुषांसाठी सांगतोय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ साली ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं गावात बंद. ठराव गावानं केला, उत्तम. पण तुमच्या घरी तुम्ही स्वतः लिहून ठेवलंत, "मी गेल्यावर हिच्या बांगड्यांना कुणी हात लावायचा नाही," तर त्याला लागतं काय? एक ओळ आणि तुमची सही.

आता पैसे कुठे ठेवायचे ते बघू.

डब्यात नको. आमच्या शेजारी एक आजी गेल्या. तांदळाच्या डब्यात "माझ्या शेवटासाठी" म्हणून गाठोडं निघालं. त्यात पाचशेच्या जुन्या नोटा, २०१६ सालीच रद्द झालेल्या. सतरा हजार रुपये, एका पैच्या उपयोगाचे नाहीत. घरात चार-पाच हजार रोख जरूर असावी. बाकीची रक्कम बँकेत किंवा पोस्टात.

खातं दोघांच्या नावावर ठेवायचं तर व्यवहाराची पद्धत "इदर ऑर सर्व्हायव्हर" अशी लिहून घ्या. म्हणजे दोघांपैकी एक गेलं तरी दुसऱ्याला पैसे काढता येतात. पण यात धोकाही आहे, तो मी लपवत नाही. तो दुसरा माणूस तुम्ही जिवंत असतानाही पैसे काढू शकतो. म्हणून सगळी पुंजी अशा खात्यात घालू नका. शेवटच्या खर्चापुरती रक्कम वेगळी काढा आणि तेवढ्यालाच विश्वासाचं माणूस जोडा. एफडी असेल तर मुदतीआधी मोडायचा अधिकार हयात असलेल्या व्यक्तीला राहील, असं दोघांच्या सहीनं आधीच बँकेत देऊन ठेवा. ते दिलेलं नसलं तर एफडी दिसते, पण हाताला लागत नाही.

नॉमिनी प्रत्येक खात्याला, प्रत्येक एफडीला हवा. बचत खात्याला आहे म्हणून एफडीलाही असेल, असं गृहीत धरू नका. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. एकदम नेमून प्रत्येकाचा टक्का ठरवा, नाहीतर एकामागून एक असा क्रम लावा. लॉकरला फक्त क्रमानंच. नॉमिनी असेल आणि कागद पूर्ण असतील तर बँकेनं १५ दिवसांत रक्कम द्यायची असते. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे घेणारा विश्वस्त. वारसांचा हक्क त्यामुळे जात नाही.

आत्ता मागून काकांनी विचारलं, "एटीएमचा पिन मुलाला सांगून ठेवला तर?" काका, हे सगळ्या घरांत चालतं म्हणून स्पष्ट सांगतो. माणूस गेल्यावर त्याच्या एकट्याच्या खात्यातून एटीएमनं पैसे काढणं बेकायदा आहे. कार्ड त्याचं, अधिकार त्याचा, आणि तो त्याच्याबरोबर संपला. उद्या दुसऱ्या भावानं तक्रार केली तर ज्यानं खर्चासाठी धावपळ केली तोच अडचणीत येतो. पिन सांगण्यापेक्षा वेगळं जोडखातं काढा.

हक्काचे काही पैसे माहीतच नसतात म्हणून राहून जातात. पासबुकात मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये वजा झालेले दिसले, तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. दोन लाखांचा विमा, ५५ वर्षं वयापर्यंत. २० रुपये वजा दिसले तर ती सुरक्षा विमा योजना, अपघातासाठी, ७० वर्षांपर्यंत. कामगार राज्य विम्यात असेल तर अंत्यविधीच्या खर्चापोटी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात. बिहारमध्ये दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना कबीर अंत्येष्टी योजनेतून ३,०००, मध्य प्रदेशात संबल योजनेत नोंद असलेल्या मजुराच्या घरी ५,०००. तुमच्या राज्यात, तुमच्या महापालिकेत काय आहे ते विचारून घ्या. कित्येक ठिकाणी विद्युत किंवा गॅसदाहिनी फुकट नाहीतर नाममात्र पैशांत असते. यातले बरेच पैसे नंतर हाती येतात, हे मात्र लक्षात असू द्या. पहिल्या तीन दिवसांची सोय आपली आपणच करायची.

हल्ली अंत्यविधीचं सगळं करून देतो, पैसे आधी भरा, असं सांगणारेही भेटतात. सगळे वाईट नाहीत, आणि ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांना खरंच आधार होतो. पण वीस वर्षांनंतरच्या कामाचे पैसे आज एकरकमी देताना मी दहा वेळा विचार करीन. संस्था बंद पडली तर कुणाकडे जायचं? बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. गावच्या मंडळाच्या, समाजाच्या अंत्यविधी फंडात वर्गणी देत असाल तर देत राहा, चांगली प्रथा आहे. फक्त पावती घ्या आणि वर्षातून एकदा हिशेब मागा.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. नंतर विलंब शुल्क, परवानग्या, चकरा. घरी मृत्यू झाला तर शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरनं मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायचा असतो, आणि कायद्याप्रमाणे त्याचे पैसे नसतात. दाखल्याच्या सात-आठ प्रती काढून ठेवा. आणि नाव तपासा. आमच्या पिढीतल्या बायकांचं एका कागदावर नावापुढे "बाई", दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर माहेरचं आडनाव. जिवंतपणी ते एका अर्जानं दुरुस्त होतं. नंतर त्यासाठी प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं, आणि ते करायला तुम्ही नसता.

बोलायचं कसं, हे अनेक जण विचारतात. मुलं म्हणतात, आई, असं नको बोलूस. मग सणाच्या दिवशी, सगळे जेवायला बसलेले असताना हा विषय काढू नका. दुसऱ्या कुणाच्या घरून सांत्वन करून परत येताना गाडीत काढा. "मला बाई एवढी गर्दी नको" एवढ्या एका वाक्यानं सुरुवात होते. मुलांनीही विचारावं. मी वडिलांना विचारलं नाही, कारण मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. आज वाटतं, त्यांनी हसून सांगितलं असतं. नदीचं सांगता सांगता पोहण्याच्या दोन गोष्टीही सांगितल्या असत्या.

बरं. तुमच्यापैकी ज्यांनी पासबुक आणलं आहे त्यांनी पहिलं पान उघडा. त्यावर नॉमिनेशनची नोंद छापलेली आहे का बघा. नसेल तर त्या खिडकीजवळच्या टेबलावर फॉर्म ठेवले आहेत. नॉमिनीचं पूर्ण नाव, वय, पत्ता, नातं लागेल. अंगठा करणाऱ्यांसाठी दोन साक्षीदार लागतात, ते इथेच मिळतील. भरलेल्या फॉर्मची पोच घेतल्याशिवाय उठू नका. मी सहा वाजेपर्यंत टेबलावर आहे, आणि आज एकही रकाना कोरा सोडणार नाही.